जुना आकाई सॅम्प्लर, नवा लॅपटॉप आणि मध्ये अडकलेली फ्लॉपी

प्रश्न नाशिकरोडच्या एका ऑक्टापॅडवादकाचा आहे. त्यांनी आकाई एस२००० हा रॅक सॅम्प्लर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज मेमरीत ठेवून हुकमी वाजवणारे यंत्र, जुना विकत घेतला. मेमरी मूळची २ एमबीच आहे, आणि सोबत आधीच्या मालकाच्या तीसेक फ्लॉप्या आल्या आहेत. रोलंड एसपीडी-२० या ऑक्टापॅडवरून मिडीने (वाद्ये एकमेकांना जोडणाऱ्या केबल-पद्धतीने) त्यात नाशिक ढोल, ताशा, संबळ आणि हलगी वाजवायची आहे. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर तयार आहे. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हही आणला. पण सॅम्प्लरची फ्लॉपी त्यात घातली की विंडोज 'फॉरमॅट करायची का' विचारते, आणि लॅपटॉपवर वेव्ह फाइल भरलेली फ्लॉपी सॅम्प्लर ओळखतच नाही. बिघाड नक्की कशात, ड्राइव्हमध्ये की सॅम्प्लरमध्ये? आणि गणपतीच्या आत हे काम कसे उरकायचे?

बहुधा कशातच बिघाड नाही. पुढे वाचण्याआधी एक काम मात्र आत्ताच करा. त्या तीसही फ्लॉप्यांच्या कोपऱ्यातली सरकती खिटी अशी सरकवा की भोक उघडे दिसेल. भोक उघडे असले की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही. विंडोजच्या त्या प्रश्नाला चुकून 'हो' म्हटले गेले तर आधीच्या मालकाने भरलेले सगळे आवाज पुसले जातील, आणि ते परत आणायला दुसरी प्रत बहुधा कुठेच नसेल.

आता कारण. फ्लॉपी गोल असते आणि तिच्यावर वर्तुळाकार पट्ट्या आखलेल्या असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. कॉम्प्युटरची नेहमीची १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे ८० ट्रॅक, दोन बाजू, दर ट्रॅकवर १८ सेक्टर आणि दर सेक्टरमध्ये ५१२ बाइट. आकाईने हीच जागा वेगळी वाटली: दर ट्रॅकवर १० सेक्टर, पण प्रत्येक सेक्टर १०२४ बाइटचा. गुणाकार केला तर १६,३८,४०० बाइट होतात, म्हणून आकाईच्या फ्लॉपीला १.६ एमबीची म्हणतात. कमी घनतेच्या, म्हणजे डीडी फ्लॉपीवर ५ सेक्टर बसतात आणि ८०० केबी होतात.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या आत छोटी चिप असते. बाजारात मिळणाऱ्या ड्राइव्हमधल्या या चिपला कॉम्प्युटरच्या दोन-तीन ठरलेल्या रचनाच येतात. दहा सेक्टरची पट्टी समोर आली की ती 'फ्लॉपी कोरी आहे' असे सांगते, आणि विंडोज तिच्यावर विश्वास ठेवते. कितीही महागडा यूएसबी ड्राइव्ह आणला तरी हेच होणार, तेव्हा दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

उलट दिशेची अडचण वेगळी आहे. एस२००० ला वेव्ह फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्याची स्वतःची फाइल-रचना आहे: व्हॉल्यूम, त्यात सॅम्पल (म्हणजे आवाज) आणि प्रोग्रॅम (कोणता आवाज कोणत्या नोटवर वाजायचा त्याची मांडणी). आकाईच्याच नंतरच्या एमपीसी २०००एक्सएलसारख्या यंत्रांनी कॉम्प्युटरची फ्लॉपी आणि वेव्ह फाइल दोन्ही स्वीकारल्या, त्यामुळे एखाद्या मित्राने 'माझ्याकडे तर सरळ चालते' म्हटले तर तोही खोटे बोलत नसतो. रोलंडच्या एस-५०, एस-३३० या जुन्या यंत्रांत तिसराच प्रकार आहे. तिथे सेक्टरची मांडणी कॉम्प्युटरच्या ७२० केबीच्या फ्लॉपीसारखीच आहे, पण आतली फाइल-रचना रोलंडची. एन्सॉनिकच्या ईपीएसमध्ये सेक्टर ५१२ बाइटचे, पण दर ट्रॅकवर १०. एका सॅम्प्लरची युक्ती दुसऱ्याला लागू पडत नाही ती यामुळे. सल्ला देणाऱ्याला आधी त्याच्याकडचे मॉडेल विचारा.

म्हणजे अडथळे दोन: फ्लॉपीची आखणी आणि फाइलची भाषा. ते वेगवेगळे सोडवायचे. केबल बदलून, ड्राइव्ह बदलून, विंडोज बदलून फरक पडत नाही, कारण त्यातल्या कशानेच दुसरा अडथळा हलत नाही.

भाषेचा प्रश्न सोपा आहे, त्यामुळे तो आधी. आकाईयुटिल नावाचे मोफत साधन आहे. दिसायला काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करण्याचे, पण काम चोख. ते आकाईच्या फ्लॉपीची किंवा हार्डडिस्कची 'इमेज' उघडते. इमेज म्हणजे त्या डिस्कची बाइटन्‌बाइट नक्कल असलेली एकच फाइल. आतली सॅम्पल वेव्ह करून बाहेर काढता येतात आणि वेव्ह आकाईचे सॅम्पल करून आत घालता येते. कोरी इमेज करताना ती १.६ एमबीची आणि एस३००० धाटणीची करा, एस२००० त्याच घराण्यातला आहे. चिकन सिस्टिम्सचे ट्रान्सलेटर हे विकतचे सॉफ्टवेअर प्रोग्रॅमसकट रूपांतर करते. वीस-पंचवीस ठोक्यांसाठी त्यावर पैसे घालायची गरज नाही, प्रोग्रॅम सॅम्प्लरवरच बांधू.

वेव्ह फाइल मात्र नीट हवी. मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग बहुतेक वेळा एम४ए असते, आणि नुसते नाव बदलून ते वेव्ह होत नाही. ऑडॅसिटीत उघडा, ट्रॅक मोनो करा, दर ४४,१०० हर्ट्‌झ ठेवा आणि निर्यात करताना १६ बिट साइन्ड पीसीएम निवडा. ३२ बिट फ्लोट किंवा ४८,००० वर सोडलेली फाइल ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजली तर ढोल साधारण दीड सेमिटोनने (अर्ध्या सुरांच्या हिशेबात दीड) खाली उतरतो आणि लोक सॅम्प्लरच्या स्पीडला दोष देतात.

दर ठोक्याच्या आधीची शांतता कापा. पॅडवर काठी पडल्यावर २० मिलिसेकंद काही ऐकू आले नाही तरी हाताला ते जाणवते. ठोका सुरू होण्याआधी एखादा मिलिसेकंद ठेवा, आणि काप शून्यरेषेवर द्या, नाहीतर 'टक' असा आवाज चिकटतो. शेपूटही मोजून ठेवा, कारण जागा मोजकी आहे.

हा हिशेब कागदावर करूनच बसा. ४४,१०० दराचा १६ बिट मोनो आवाज सेकंदाला ८८,२०० बाइट खातो. २ एमबीत साधारण २३ सेकंद मावतात, एका फ्लॉपीवर १८ सेकंद. तुमच्या कामासाठी एक मांडणी अशी होऊ शकते. ढोलाचा टोल हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन, प्रत्येकी १.२ सेकंद. टिपरूचे तीन, अर्धा-अर्धा सेकंद. ताशाचे चार, ०.४ सेकंदाचे. संबळाच्या दोन्ही तोंडांचे मिळून चार, ०.७ चे. हलगीचे चार, अर्ध्या सेकंदाचे. झांजेचे दोन, अडीच सेकंदांचे. एकूण २० सॅम्पल, १६.५ सेकंद, म्हणजे साधारण साडेचौदा लाख बाइट. एका फ्लॉपीत बसते, २ एमबीतही बसते, वर थोडी जागा उरते. स्टिरिओ केलेत तर हे सगळे दुप्पट होऊन काहीच बसणार नाही. मिरवणुकीत आणि मांडवात स्टिरिओ ढोल कोणाला कळतो? मोनोच ठेवा.

नावांचे नियम आकाईचे: जास्तीत जास्त १२ अक्षरे, इंग्रजी मोठी लिपी, आकडे, मोकळी जागा आणि मोजकी चिन्हे. स्टिरिओ जोडीत शेवटची दोन अक्षरे डाव्या-उजव्याच्या खुणेला जातात. दोन फायलींची पहिली बारा अक्षरे सारखी असली तर नावे एकमेकांत मिसळतात, तेव्हा आकडा शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवा.

आता आखणीचा प्रश्न, म्हणजे इमेज सॅम्प्लरपर्यंत नेण्याचा. रस्ते चार आहेत. तुमच्यासाठी त्यांतला एक स्पष्टपणे पुढे आहे.

तो म्हणजे गोटेक. फ्लॉपी ड्राइव्हच्याच मापाची, समोर पेनड्राइव्हची खाच असलेली ही डबी मूळ ड्राइव्हच्या जागी बसते आणि सॅम्प्लरला वाटते फ्लॉपीच आहे. डबीतले मूळ सॉफ्टवेअर कॉम्प्युटरची १.४४ ची रचनाच जाणते, म्हणून ती आणल्याबरोबर तशीच लावली तर हाती काही लागत नाही. तिच्यात फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर घालावे लागते. हल्लीच्या गोटेकमध्ये एटी३२ जातीची चिप असते. ती भरायला दोन्ही टोकांना मोठे यूएसबी असलेली केबल लागते आणि बोर्डवरच्या दोन पिना भरताना जोडून ठेवाव्या लागतात. या वेळी वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून येते, म्हणून फ्लॉपीची पॉवर केबल लावू नका. दोन्हीकडून वीज गेली तर नुकसान लॅपटॉपच्या पोर्टचेही होऊ शकते. जुन्या एसटीएम३२ चिपवर यूएसबी-सीरियल अडॅप्टरनेही भरता येते, पण त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे हवेत. भरून झाल्यावर त्या पिना मोकळ्या करा, वीज द्या. पेनड्राइव्ह नसताना पडद्यावर 'एफ-एफ' दिसले की काम झाले.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा. ३२ जीबीपेक्षा मोठा घेण्यात काही हशील नाही, दर आवाजसंचाला दीड एमबीच लागते. त्यावर फ्लॅशफ्लॉपीची सेटिंग फाइल ठेवा आणि तिच्यात होस्ट म्हणून आकाई लिहा. ही ओळ राहून गेली की इमेज बरोबर असूनही सॅम्प्लर 'फॉरमॅट नाही' म्हणतो. गोटेक इमेजची रचना तिच्या आकारावरून ओळखतो, म्हणून फाइलचा आकार नेमका १६,३८,४०० बाइट आहे ना ते पाहा. एक बाइट कमी-जास्त असेल तर इमेज बनवतानाच गडबड झाली आहे.

बसवताना सॅम्प्लरची पिन भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. वीजपुरवठ्याचा बोर्ड आतच आहे आणि त्याचे कपॅसिटर काही वेळ भरलेले राहतात, पाच-दहा मिनिटे थांबा. जुना ड्राइव्ह काढण्याआधी त्याचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) आणि रिबन केबलची दिशा यांचे फोटो काढा. केबलच्या एका कडेची रंगीत तार पिन १ ची. गोटेकवर एस० आणि एस१ अशा जंपरच्या जागा असतात, त्यातून हा ड्राइव्ह पहिला की दुसरा हे ठरते. जुन्या ड्राइव्हवर जे होते तेच ठेवा. फोटो हुकला असेल तर आधी एस० वर करून पाहा. वीज दिल्याबरोबर गोटेकचा दिवा लागून तसाच राहिला तर केबल उलटी बसली आहे. लगेच बंद करा, फिरवा, घाबरू नका.

एक फसवे लक्षण लक्षात ठेवा. ८०० केबीची इमेज वाचली जाते, पण १.६ एमबीची नाही. अशा वेळी सॅम्प्लर रिबनच्या पिन २ वर 'ही जास्त घनतेची फ्लॉपी आहे' हा इशारा शोधत असतो आणि गोटेक तो देत नसतो. सेटिंग फाइलमध्ये इंटरफेसच्या पर्यायांत एचडीआउट नावाचे पर्याय आहेत, ते लावून पाहा. तिथे आकाईच्याच जुन्या एस९५० च्या नावाचाही एक पर्याय दिसेल, तो त्या यंत्रासाठी आहे.

गोटेक लावल्यावर लोडिंग झटपट होईल ही अपेक्षा ठेवू नका. सॅम्प्लरचा फ्लॉपी कंट्रोलर सेकंदाला पाच फेऱ्यांच्या हिशेबानेच चालतो, फेरीला एक पट्टी. १६० पट्ट्या म्हणजे किमान ३२ सेकंद, प्रत्यक्षात थोडे जास्त. फायदा वेगळा आहे. फ्लॉपीला बेसच्या हादऱ्यांचा, धुळीचा आणि स्पीकरच्या चुंबकाचा धोका असतो, पेनड्राइव्हला यातले काही होत नाही. पेंडॉलमध्ये फ्लॉपीचा डबा बेस-बॉक्सवर ठेवण्याची सवय अनेकांना आहे. ती आजच मोडा.

दुसरा रस्ता स्कझी, म्हणजे हार्डडिस्कसारखी उपकरणे एका साखळीत जोडण्याची जुनी पद्धत. एस२००० च्या मागे स्कझीचा जोड आहे, पूर्वी तिथे हार्डडिस्क किंवा आयओमेगाची झिप लावत. आज ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखा छोटा बोर्ड लावतात, जो एसडी कार्डावरची इमेज हार्डडिस्क म्हणून दाखवतो. मेमरी ३२ एमबीपर्यंत वाढवली असेल तर हाच रस्ता घ्या. ३२ एमबीत ६ मिनिटांहून थोडा जास्त मोनो आवाज मावतो आणि तो फ्लॉपीतून भरायचा म्हणजे वीस-एक इमेज बदलत बसायचे. २ एमबीवर असताना मात्र हा खर्च थांबवा.

लावायचेच ठरले तर चुका ठरलेल्या आहेत. साखळीतल्या प्रत्येक उपकरणाचा आयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, वेगळा हवा. आकाई सॅम्प्लर सहसा ६ वर असतो, कॉम्प्युटरचे कार्ड ७ वर. झिप ड्राइव्हला ५ आणि ६ एवढेच पर्याय असतात, म्हणून तो ५ वरच ठेवावा लागतो. ब्लूस्कझीवर इमेजच्या फाइलनावातच आयडीचा आकडा असतो, तिथे सहा दिला की सॅम्प्लर स्वतःशीच भांडतो. टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून उलटा फिरू न देणारी जोडणी, साखळीच्या दोन टोकांनाच, मधे नाही. सॅम्प्लर टर्मिनेशनसाठी वीज देत नसेल तर बोर्डचा दिवाच लागत नाही, मग त्याला वेगळी यूएसबी वीज द्या. २५ पिनी स्कझी केबल आणि जुन्या प्रिंटरची २५ पिनी केबल बाहेरून अगदी जुळ्या दिसतात. स्कझीचे टोक कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टात घालू नका, पोर्ट जाऊ शकतो. आणि चालू असताना स्कझीची केबल काढ-घाल कधीही नको.

एसडी कार्डावर ५०० एमबीच्या आतली कोरी इमेज ठेवा आणि ती आधी सॅम्प्लरवरून फॉरमॅट करा. आकाई तिचे ६० एमबीपर्यंतचे भाग पाडतो आणि त्यांना इंग्रजी अक्षरे देतो. मग सॅम्प्लर बंद करून कार्ड लॅपटॉपात घाला, आकाईयुटिलने सॅम्पल भरा, परत लावा. कॉम्प्युटर आणि सॅम्प्लर एकाच वेळी एकाच डिस्कला जोडण्याचा जुना प्रकार टाळा. दोघेही डिस्कची अनुक्रमणिका आपापल्या स्मरणात ठेवतात, आणि दोघांनी लिहिले की ती बिघडते. आकाईच्या जुन्या सॅम्पल सीडीसुद्धा याच रचनेच्या असतात, म्हणून त्या लॅपटॉपात रिकाम्या दिसतात. त्यांची पूर्ण इमेज काढून ब्लूस्कझीवर सीडी म्हणून दाखवता येते.

तिसरा रस्ता मिडी. ऑक्टापॅडमुळे तुमच्याकडे मिडी केबल आहेच, तेव्हा हा मोह होईल. सॅम्पल डंप स्टँडर्ड नावाची पद्धत १९८६ पासून आहे आणि एस२००० ती ओळखतो. पण मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ बाइट. एका पाकिटात १२७ बाइट, त्यात आवाजाचे १२०, आणि १६ बिटच्या प्रत्येक नमुन्याला तीन बाइट लागतात, म्हणजे पाकिटात फक्त ४० नमुने. एका सेकंदाच्या मोनो आवाजाला १,१०३ पाकिटे आणि किमान ४५ सेकंद, पोच देण्याघेण्याचा वेळ वेगळा. तुमचे साडेसोळा सेकंद जायला साडेबारा मिनिटे तरी लागतील, ३२ एमबी भरायला पावणेपाच तासांवर. एखादा चुकलेला ठोका बदलण्यापुरता हा मार्ग बरा.

तो अडतो तो बहुतेक वेळा स्वस्त यूएसबी-मिडी केबलपाशी. या केबली सूर आणि ठोके नीट नेतात, पण लांब सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश (सॅम्पल ज्यांतून जाते ते) तोडतात किंवा मधले बाइट गिळतात. पाकिटाची बेरीज जुळत नाही, सॅम्प्लर ते परत मागतो, पुन्हा तेच, आणि काही वेळाने सगळे थांबते. चांगल्या इंटरफेसवर हेच काम निमूट होते. मिडी इन आणि आउट या दोन्ही केबली लावा, म्हणजे पोच परत येऊ शकते. एकेरी केबलवर कॉम्प्युटर ठरावीक वेळ थांबून पुढचे पाकीट आंधळेपणाने सोडत राहतो. सॅम्प्लरच्या ग्लोबल सेटिंगमधला एक्सक्लुझिव्ह चॅनल आणि सॉफ्टवेअरमधला चॅनल एकच हवा. कर्झवाइल के२००० किंवा ई-मूच्या नंतरच्या यंत्रांसाठी पीव्हीने काढलेली एसएमडीआय ही हीच गोष्ट स्कझीवरून करणारी, कितीतरी वेगवान पद्धत आहे.

चौथा रस्ता कोणी सुचवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नाही: लॅपटॉपचे आउटपुट सॅम्प्लरच्या इनपुटला लावा आणि सरळ सॅम्पल करा. वीस ठोके दुपारभरात होतात. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकपेक्षा साधा ऑडिओ इंटरफेस वापरा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा म्हणजे घरघर येणार नाही, आणि सॅम्प्लरच्या मीटरवर जोराचा टोल टोकाच्या थोडा खाली ठेवा. गोटेक यायला उशीर झाला आणि प्रतिष्ठापना दोन दिवसांवर आली, तर निःशंक हेच करा. फक्त शेवटी कशावर तरी सेव्ह करावे लागते, आणि तुमची फ्लॉपी त्या दिवशी चालेल याची खात्री नाही.

आता त्या तीस फ्लॉप्या. आधी एकेक करून डोळ्यांनी पाहा. पत्र्याचे झाकण सरकवून तबकडी हळूच फिरवा. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या फ्लॉपीवर पांढुरके ठिपके दिसतात, ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडे पाडते. ठिपके दिसल्यास ती बाजूला ठेवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या मऊ फडक्याने अलगद पुसून पूर्ण वाळू द्या, मगच वाचा. एकदा वाचून नक्कल झाली की तिचे काम संपले.

वाचायला दोन साधने. पहिले ग्रीझवीझल, कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडायचा छोटा बोर्ड. त्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या डेस्कटॉपमधला ३४ पिनी फ्लॉपी ड्राइव्ह लागतो. हा बोर्ड सेक्टरच्या भानगडीत न पडता हेडखालून जाणारे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, आणि मग कॉम्प्युटरवर त्यांचा अर्थ लावतो. आकाईच्या ८०० आणि १६०० या दोन्ही आखण्या त्यात तयार आहेत. आधी कच्ची नक्कल काढून ठेवा, नंतर इमेज. खराब पट्टी दुसऱ्या ड्राइव्हवर कधी कधी वाचली जाते, आणि कच्ची नक्कल असली की तेवढी पट्टी जोडून घेता येते. दुसरे साधन म्हणजे मदरबोर्डवरच फ्लॉपीचा जोड असलेला जुना डेस्कटॉप. त्यातला कंट्रोलर आकाईची आखणी वाचू शकतो, विंडोज एक्सपीवर ऑम्निफ्लॉपने किंवा लिनक्सवर. बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या भंगारात असा डेस्कटॉप आजही सापडतो. गोटेक आणि ३४ पिनी रिबन नाशकात नाही मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठा, लॅमिंग्टन रोडवर विचारा, किंवा ऑनलाइन मागवा.

नव्या फ्लॉप्या शोधण्यात वेळ घालवू नका. सोनीने २०११ मध्येच विक्री थांबवली, त्यामुळे आज 'नवीन' म्हणून मिळते ती जुनी पडून राहिलेली. आणि एचडी फ्लॉपीच्या भोकाला चिकटपट्टी लावून डीडी बनवण्याची युक्ती आकाईच्या जुन्या एस९०० वाल्यांत चालते, पण दोन्हींचा चुंबकीय लेप वेगळ्या ताकदीचा असतो. आज वाचते, सहा महिन्यांनी वाचेलच असे नाही.

आवाज आत गेल्यावरचे काम थोडक्यात, कारण इथेच बरेच लोक 'ट्रान्स्फर फसला' असे समजतात. प्रोग्रॅममध्ये दर पॅडसाठी एक कीग्रुप (ठरावीक नोटांना ठरावीक आवाज देणारा गट) करा आणि त्याची वरची-खालची मर्यादा एकाच नोटवर आणा. एसपीडी-२० च्या प्रत्येक पॅडची नोट त्याच्या मिडी सेटिंगमध्ये दिसते, ती जुळवा. मिडी चॅनलही जुळवा, ऑक्टापॅडवर तो बहुधा १० असतो. कीग्रुपमध्ये चार झोन असतात. टोलाचे हलका, मध्यम, जोराचा हे तीन सॅम्पल त्यांत व्हेलॉसिटीने, म्हणजे ठोक्याच्या जोरानुसार, वाटा. प्लेबॅकचा प्रकार 'सॅम्पल शेवटपर्यंत' असा ठेवा. पॅड नोट क्षणभरच धरतो, म्हणून दुसऱ्या प्रकारात ढोलाची घुमक कापली जाते आणि नुसता 'टप' ऐकू येतो. पिच स्थिर करा, नाहीतर मूळ नोट जुळत नसल्यास हलगी चिमणीसारखी वाजते.

हे झाले की लगेच सेव्ह करा, प्रोग्रॅम आणि सॅम्पल दोन्ही, गोटेकवरच्या दोन वेगळ्या इमेजवर. एस२००० ची मेमरी वीज जाताच रिकामी होते. मांडवातल्या जनरेटरवर तर ती केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा सॅम्प्लरला छोटा यूपीएस लावा. आणि यंत्र जपानहून आलेले असेल तर मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट लिहिले आहे का ते आजच, कुठलीही पिन भिंतीत घालण्याआधी बघा. तसे असेल तर २३० चे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो यूपीएस आणि सॅम्प्लर यांच्या मधे येईल.